आधी उतार, मग चढ

सिंहगडाचा घाट सायकलने चढलेल्या माणसाच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: आधी घाम, मग पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही, आणि शेवटी ज्याच्या आशेवर एवढा आटापिटा केला तो उतार. पुण्यात एकत्र शिकलेल्या आणि आता पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा चौघांचा हिशेबही असाच होता. गेल्या एप्रिलमध्ये मायोर्का बेटावरच्या सा कालोब्राच्या रस्त्याने तो आम्हाला उलटा मांडून दाखवला.

मायोर्का हे भूमध्य समुद्रातले स्पेनचे बेट. त्याच्या वायव्य किनाऱ्याला लागून सेर्रा दे त्रामुन्ताना ही चुनखडीची डोंगररांग उभी आहे. तिचे सर्वांत उंच शिखर आपल्या कळसूबाईहून ठेंगणे आहे, पण डोंगर थेट समुद्रातूनच उठत असल्यामुळे ही उंची पायांना पुरेपूर कळते. उत्तरेच्या पोयेन्सा गावात आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा आणि दुसरा, पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हवा, याचा. आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो आणि तिथे डाव्या. घाटात ऐन वळणावर ही गोष्ट विसरणे महागात पडले असते, म्हणून आम्ही निमूटपणे ब्रेक बदलून घेतले. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालण्याची सवय मात्र कोणाला बदलून मागता येत नाही; पहिले दोन किलोमीटर आमची डॉक्टरीण मागून एकसारखी ओरडत होती, “अरे, उजवीकडे राहा, उजवीकडे!”

कोल दे फेमेनिया ही पहिली खिंड 515 मीटरवर आहे. कातालान भाषेत ‘कोल’ म्हणजे खिंड. चढ सौम्य होता आणि सावलीही होती. डोंगरउतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली आणि त्यांवर वाकड्यातिकड्या खोडांची जुनी ऑलिव्हची झाडे दिसत होती. या ताली आणि अरब अमदानीपासून चालत आलेली पाण्याची व्यवस्था यांमुळेच 2011 मध्ये या डोंगररांगेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. कोकणात डोंगर पाहत वाढलेल्या माणसाला ताल घालण्याचे कष्ट वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पुढे ल्युकच्या मठात आम्ही बाटल्या भरून घेतल्या. तिथल्या मेरीची मूर्ती काळीसावळी आहे आणि लोक तिला लाडाने ‘मोरेनेता’, म्हणजे सावळी, असे म्हणतात. सावळ्या दैवताशी सलगी करण्याची रीत आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे चौघांचेही हात आपोआप जोडले गेले.

त्यानंतर डावी-उजवी करत आम्ही 682 मीटरवरच्या कोल देल्स रेइस या खिंडीत पोहोचलो, आणि तिथून सा कालोब्राचा रस्ता खाली कोसळताना दिसला. ‘कोसळताना’ हाच शब्द योग्य आहे. साडेनऊ किलोमीटरमध्ये तो समुद्रापर्यंत उतरतो, दर शंभर मीटरला सरासरी सात मीटर. 1932 मध्ये अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो बांधला. खाली मोजकी घरे आणि दगडगोट्यांचा किनारा सोडला तर काही नाही. पर्यटकांना तिथवर जाता यावे एवढाच त्याचा उद्देश. एका जागी उतार फार तीव्र होऊ लागला, तेव्हा पारिएत्तीने रस्त्याला पूर्ण वळसा घालून त्याला स्वतःच्याच पुलाखालून नेले. या वळणाला टायची गाठ म्हणतात. कुठेही न जाणारा रस्ता इतक्या प्रेमाने आखणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो, पण त्या दिवशी संध्याकाळी तो जरा कमी झाला होता.

उतरताना आम्ही काय केले, ते सांगण्यासारखे फार नाही. वारा, वळण, ब्रेक, पुन्हा वळण. समोरून पर्यटकांची मोठी बस आली की कड्याच्या बाजूला थांबायचे, आणि कठड्यावर उभ्या असलेल्या रानबकऱ्यांनी आमच्याकडे तुच्छतेने पाहायचे. खाली पोहोचल्यावर चाकाच्या कडेला हात लावून पाहिला, तर ती चांगलीच तापली होती. आमच्यातला बँकवाला म्हणाला, “सकाळपासून घाम गाळून जी उंची कमावली, ती सगळी या ब्रेकमध्ये जळाली बघ.” भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर होते. कमावलेली उंची तर जळालीच होती, वर साडेनऊ किलोमीटरची नवी उधारी डोक्यावर बसली होती, कारण रस्त्याने परतायचे तर वाट ही एकच.

सिंहगडावरचे दही गोड का लागते, ते मला सा कालोब्राच्या किनाऱ्यावर संत्र्याचा रस पिताना समजले. रस उत्तम होता, बेटावरच्या संत्र्यांची कीर्तीही मोठी आहे. पण समोर भिंतीसारखा डोंगर उभा असताना घशाखाली उतरणारी प्रत्येक गोष्ट कर्जाने घेतल्यासारखी वाटते. बँकवाल्याने तर दुसरा पेला मागवलाच नाही. एरवी बिनधास्त असणारा आमचा चौथा गडी खडकांतल्या बोगद्यापलीकडे तोरेंत दे पारेइसची घळ समुद्राला मिळते ती जागा पाहायला जाऊ म्हणत होता, तोही सायकलचे गिअर निरखत बसला.

मग चढ सुरू झाला. मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर चेन चढवली की सायकल चालते, पण पुढे सरकत असल्याची खात्री वाटत नाही. चढावर वारा फारसा आडवा येत नाही. तिथे भांडण असते ते फक्त स्वतःच्या वजनाशी, आणि पन्नाशीत ते भांडण बरेच जुने झालेले असते. पहिली काही वळणे आम्ही गप्पा मारल्या, पुढे एकेक शब्द बोललो, नंतर नुसते हुंकार दिले. प्रत्येकाची गती वेगळी, म्हणून चौघेही सुटे झालो. तरी वळणे एकावर एक रचलेली असल्यामुळे खाली डॉक्टरीणबाईंचे लाल जाकीट आणि वर बँकवाल्याची पाठ सारखी दिसत राहायची. टायच्या गाठीखालून जाताना वरच्या पुलावरून हाक आली, “ए, संपत आलं गं!” ते खोटे नव्हते, पण चढ अजून पुरता संपलाही नव्हता. मला खिंड गाठायला पावणेदोन तास लागले.

परतीच्या वाटेवर फेमेनियाच्या खिंडीतून पोयेन्साकडे जाणारा उतार सुरू झाला. हा मात्र सकाळीच पैसे भरून ठेवलेला उतार होता. संध्याकाळचे ऊन ऑलिव्हच्या पानांवर रुपेरी दिसत होते आणि कोणीही बोलत नव्हते. गावात शिरल्यावर टेकडीवरच्या देवळाकडे जाणाऱ्या सुप्रसिद्ध 365 पायऱ्या समोर आल्या. वरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, असे दुकानदाराने सकाळी आवर्जून सांगितले होते. आम्ही पायऱ्यांना खालूनच नमस्कार केला आणि चौकातल्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. बँकवाल्याने संत्र्याचे दोन पेले मागवले, दोन्ही स्वतःसाठी.