वीस बाळंतपणांची वही

यंदा गणपतीला सुट्टी मिळाली आणि साडेतीन वर्षांनी देवगडला घरी आले. आरतीनंतर पडवीत टेकले होते, तर भाची मोबाइल घेऊन बाजूला बसली. बारावी सायन्सला आहे, बीएससी नर्सिंगची सीईटी द्यायची म्हणते. "आत्ये, तू हयसून शिकान गेलंस ना? मगे थय परत परीक्षा कित्याक?"

इंग्लंडात नर्स म्हणून काम करायचं तर एनएमसीच्या, म्हणजे तिथल्या नर्स-मिडवाइफ कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव लागतं. आधी इंग्रजी, आयईएल्टीएसमध्ये लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7. मग संगणकावरची सीबीटी, ती भारतात बसूनच देता येते. शेवटी तिकडे जाऊन ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, दहा स्टेशनं, प्रत्येकाला घड्याळ लावलेलं. पहिल्या वेळी माझं औषधाचं स्टेशन गेलं. पेशंटला नाव विचारलं, पण हातावरचा पट्टा बघायचा राहिला. तेव्हा फार राग आला होता. आमच्याकडे पेशंट कुठल्या वाडीतला, कुणाचा कोण, सगळं सिस्टरला ठाऊक असतं! पण आता पट्टा बघितल्याशिवाय माझा हात गोळीकडे जात नाही, आणि ते बरंच झालं.

परीक्षेची तक्रार नाही. सलतं ते वेगळंच.

आपल्याकडे रजिस्ट्रेशन होतं ते नर्स आणि मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी, असं जोडून. शिकताना वीस नॉर्मल डिलिव्हरी मी स्वतःच्या हातांनी केल्या, केसबुकात प्रत्येकीखाली सिस्टरची सही घेतली. तिकडे अ‍ॅडल्ट, मुलांची, मानसिक आजारांची, लर्निंग डिसॅबिलिटीची अशा नर्सेसच्या चार शाखा, आणि मिडवाइफ पूर्ण वेगळी. तिची परीक्षाही वेगळी. माझ्या नावापुढे फक्त अ‍ॅडल्ट. अचानक वेळ आली तर गोष्ट निराळी, एरवी मिडवाइफ किंवा डॉक्टर नसताना बाळंतपण करणं तिथे कायद्याने गुन्हा आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डात न्यूमोनियाची एक बाई होती, नववा लागलेला. रात्री तीनला तिने बेल दिली, कंबर दुखते म्हणाली. मी पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं झालं, सैल पडलं, परत आवळलं. घड्याळ धरून तीन कळा मोजल्या आणि फोन केला. मिडवाइफ लगेच आली, माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं आणि बाईला घेऊन गेली. मी त्या खाटेची चादर बदलत राहिले.

पावसात लाइट गेलेली, 108 दरडीपलीकडे अडकलेली, अशा रात्री टॉर्चच्या उजेडात नाळ कापलेली बाई मी. तिकडे कळा नीट सुरू झाल्या की एका बाईजवळ एक मिडवाइफ राहते, आमच्याकडे एका सिस्टरकडे चार खाटा, हे मला मान्य आहे. पण चार खाटा सांभाळताना जे हाताला कळतं, ते कुठल्या स्टेशनवर तपासणार?

तिकडे दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन असतं, रजिस्टरवर नाव टिकवायला. 450 तास काम, 35 तास अभ्यास आणि स्वतःच्या कामावर पाच टिपणं. ही पद्धत मला मनापासून आवडते. एक टिपण मी त्या रात्रीवर लिहिलं. त्यावर दुसऱ्या नर्सशी बोलावं लागतं. तिने वाचून विचारलं, मग मिडवाइफसाठी अर्ज का नाही करत? घरचं कर्ज फिटायचं होतं, पुन्हा परीक्षा म्हणजे पुन्हा फी. खरंच तेवढंच कारण होतं.

भाचीला मी सांगितलं, सीईटी दे, इथेच शिक, वहीतली बाळंतपणं इथेच कर.

आईने माझं केसबुक ट्रंकेत साड्यांखाली कडुलिंबाच्या पाल्यात जपलंय. भाचीने ते काढलं. पानं दमटपणाने फुगलीत. सातव्या केसवर ती थांबली. मुलगी, 2 किलो 600 ग्रॅम, लगेच रडली. खाली सिस्टरची सही आणि माझ्या ओल्या बोटाचा ठसा.