पडत्या काळाच्या कादंबऱ्या

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह मुळात तुरुंग म्हणून बांधलेलंच नाही. तो किल्ला आहे. पोर्तुगीजांनी काम काढलं, १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. याच किल्ल्यातून १८१६ च्या सप्टेंबरमध्ये एक कैदी निसटला. तो परत हाती यावा म्हणून पुढच्या वर्षी इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून लिहून घेतले. कैद्याचं नाव त्र्यंबकजी डेंगळे, बाजीरावाचा विश्वासू कारभारी, गाव निमगाव जाळी, तालुका संगमनेर.

मी ठाण्यातच एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. शिवकाळ शिकवताना वर्गात वेगळंच वारं असतं, मुलांना निम्म्या गोष्टी आधीच पाठ असतात. पण १८०० च्या पुढे आलं की पुस्तक एकदम घाईला येतं. तह, तह, लढाई, तह, आणि १८१८. त्र्यंबकजीचं नाव उच्चारलं तेव्हा आठवीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "बाई, तो चांगला होता की वाईट?" मी उत्तर दिलं नाही. शाळेच्या कपाटातून ना. सं. इनामदारांची त्र्यंबकजीवरची कादंबरी 'झेप' काढून तिच्या हातात दिली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती पुस्तक परत करायला आली तेव्हा तिचा प्रश्न बदलला होता. "बाई, पण गंगाधरशास्त्र्यांना खरंच त्यानेच मारवलं का? आणि चौकशी का नाही झाली?"

ऐतिहासिक कादंबरीने वाचणाऱ्याला नेमकं काय द्यावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सांगता येणार नाही.

प्रकरण असं की गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर बडोद्याहून पुण्याला आले. पेशवे आणि गायकवाड यांच्यातला जुना हिशेब आणि अहमदाबादचा इजारा, म्हणजे सारावसुलीचा मक्ता, ही दोन कामं होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात, विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. पुण्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट एल्फिन्स्टनने बोट त्र्यंबकजीकडे दाखवलं आणि पेशव्याने आपला माणूस इंग्रजांच्या स्वाधीन करावा म्हणून दबाव आणला. सप्टेंबरात तो स्वाधीन झाला आणि ठाण्यात आला. उघड खटला चाललाच नाही. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, म्हणजे इथल्या कोणाशी संधान बांधता येऊ नये. नेमकी तीच गोष्ट त्र्यंबकजीच्या पथ्यावर पडली. एका साहेबाकडे नोकरीला लागलेला मोतद्दार घोडा फिरवता फिरवता खिडकीखाली मराठीत गात असे आणि पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने त्या गाण्याचा आशय लिहून ठेवला आहे: झुडपाआड तिरंदाज आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, घोडे पंचावन्न आणि माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा बहरेल. हेबर त्र्यंबकजीला १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात भेटला. पुन्हा पकडल्यावर त्याला गंगेकाठच्या त्या किल्ल्यात ठेवलं होतं आणि १८२९ मध्ये तो तिथेच मेला. गाण्याची हकीकत हेबरच्या कानावर आलेली आहे, त्याने स्वतः ते गाणं ऐकलेलं नाही, हेही मी मुलांना सांगते. सांगितल्यावरही डोळे चमकायचे ते चमकतातच.

इनामदारांचं मोठेपण मला इथे दिसतं. 'झेप' १९६३ ची. तोपर्यंत मराठी कादंबरीला नायक म्हणून मिळत ते बहुतेक सगळे वंदनीय पुरुष. इनामदारांनी मात्र एकामागून एक बदनाम माणसं निवडली. त्र्यंबकजी, मग 'झुंज'मध्ये पुणं लुटणारा म्हणून पुण्याने कधी माफ न केलेला यशवंतराव होळकर, मग 'मंत्रावेगळा'मध्ये खुद्द दुसरा बाजीराव, ज्याचं नाव घरोघरी पळपुटा म्हणूनच घेतलं जातं, आणि 'शहेनशहा'मध्ये थेट औरंगजेब. वंदनीय माणसाची कथा लिहिताना लेखकाच्या पाठीशी वाचकाची भक्ती असते. बदनाम माणसाजवळ उभं राहायचं तर लेखकाला त्याच्या भोवतीचा काळ सगळा उभा करावा लागतो: तिजोरीत किती होतं, फौजेचा पगार किती महिने थकला होता, कोण कोणाचा ओलीस होता. तो काळ कळतो तो अशाच कादंबऱ्यांतून. म्हणून माझं म्हणणं असं की चढत्या काळापेक्षा पडत्या काळाच्या कादंबऱ्या आधी वाचाव्यात.

यशवंतरावाचंच घ्या. तुकोजी होळकरांचा हा अनौरस मुलगा. १७९७ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने त्याचा भाऊ मल्हारराव मारला आणि मल्हाररावाचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेला. १८०१ च्या एप्रिलमध्ये दुसरा भाऊ विठोजी पकडला गेला आणि बाजीरावाच्या डोळ्यांसमोर, शनिवारवाड्यापाशी, त्याला हत्तीच्या पायी दिलं. आता या माणसाने काय करावं? २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, हडपसरला त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव कोकणात उतरला आणि तिथून इंग्रजांच्या आश्रयाला वसईला. ३१ डिसेंबरला तिथे जो तह झाला तो आपण सगळे शिकलोय. म्हणजे सूड घ्यायला निघालेल्या यशवंतरावाने जिंकलेल्या लढाईनेच मराठी राज्याचा पाया खचला. आणि तोच यशवंतराव १८०४ मध्ये मॉन्सनच्या पलटणींना मुकुंदऱ्यापासून आग्ऱ्यापर्यंत रेटत नेतो, दिल्लीला वेढा घालतो, भरतपूरच्या जाटांबरोबर उभा राहतो, शिखांची मदत मिळेल म्हणून पार अमृतसरपर्यंत जातो. शिंदे आणि भोसले एक एक करून तहावर सह्या करून बसलेले असताना हा एकटा लढतोय. शेवटी १८०५ च्या डिसेंबरात राजघाटचा तह, मग भानपुऱ्याला स्वतः उभं राहून तोफा ओतण्याचा ध्यास, बुद्धिभ्रंश आणि १८११ मध्ये ऐन पस्तिशीत मृत्यू.

वर्गात हे सांगताना माझा घसा दाटतो. कोणालाही दोष देऊन मोकळं होता येत नाही. बाजीरावालाही नाही, कारण ज्या पोराचं सगळं लहानपण कैदेत गेलं, बाप राघोबा म्हणून ज्याच्याकडे जन्मभर संशयानेच पाहिलं गेलं, त्याने विश्वास कोणाकडून शिकायचा होता?

इनामदारांत उणीवही आहे. संवाद कधी कधी नाटकातल्यासारखे चढतात, आणि दरबारातल्या खलबतांची पानं दोनदा वाचल्यासारखी वाटतात. शिवाय या पहिल्या कादंबऱ्यांत बायका बहुतेक पडद्याआडच राहतात. ती कसर त्यांनी १९८३ च्या 'शिकस्त'मध्ये भरून काढली, असं मी मानते. पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंची बायको. पानिपतावर ती बरोबर होती, तिथून जिवंत परत आली, आणि नवरा मेला हे तिने कधीच मान्य केलं नाही. १७६१ ते १७८३, बावीस वर्षं ती सवाष्ण म्हणून राहिली. मध्येच भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याला मिळू लागले, आणि १७७६ मध्ये कारभाऱ्यांनी त्याला देहान्त दिला. या सगळ्यात वाड्यातल्या त्या बाईच्या मनात काय चाललं असेल याचा एकही कागद नाही. तोतया खरा की खोटा हा कारभाऱ्यांसाठी राज्याचा प्रश्न होता, तिच्यासाठी कुंकवाचा. इतिहासकार इथे थांबतो, त्याने थांबायलाच हवं. कादंबरीकाराचा हक्क इथे सुरू होतो. 'पानिपत' म्हटलं की विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी आठवते, आणि ती आठवावीच. १४ जानेवारीचं रण, उपाशी छावणी, यमुनेचं पाणी हे सगळं त्यांनी छातीत धडकी भरेल असं लिहिलं आहे. पण ती वाचून झाली की 'शिकस्त' लगेच हातात घ्या. रणानंतरची बावीस वर्षं त्यात आहेत.

या दोन्हींच्या मधला तुकडा 'स्वामी'चा. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ मध्ये आली आणि दोन वर्षांनी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरल्या माधवरावांची कथा: सोळाव्या वर्षी पेशवाई, सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला चिंतामणीच्या देवळात मृत्यू, आणि त्यामागून रमाबाई सती. माझ्या आईच्या पिढीने 'स्वामी' रडत वाचली, मीही वाचली. आज वाचते तेव्हा तिचा गोडवा मला थोडा जास्त वाटतो. राघोबा आणि माधवराव यांच्यातला पेच त्या गोडव्यात मऊ होऊन जातो, आणि सती जाणं इतकं सुंदर दिसू नये असं मला ठामपणे वाटतं.

आणखी मागे गेलं तर १८७१ चा 'मोचनगड'. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. मग हरिभाऊ आपटे, 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आलेला 'उषःकाल'. हरिभाऊंनी विजयनगरच्या पाडावावर 'वज्राघात'ही लिहिली. पडत्या काळाकडे वळणारे इनामदार पहिले नव्हेत, एवढं सांगण्यासाठी ही आठवण.

पण पेशवाईला अगदी बाहेरून पाहायचं असेल तर नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' वाचा. १८ व्या शतकातला बंगाल, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या, आणि सांगणारा अंताजी, कोणी सरदार नव्हे, पोटासाठी फौजांच्या मागे फिरणारा चलाख माणूस. बंगालमध्ये आजही लेकराला झोपवताना 'बर्गी एलो देशे' म्हणतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. लेकरू झोपलं, पाडा शांत झाला, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरू? त्या अंगाईतली भीती आपल्या घोडेस्वारांची आहे. मी नववीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता, आणि मग एकाने विचारलं, "बाई, मग त्यांच्या पुस्तकात आपण वाईट?" असा प्रश्न चौदाव्या वर्षी पडलेला मुलगा पुढे कुठलाही इतिहास डोळे उघडे ठेवून वाचेल, अशी मला आशा आहे.

पालक मला विचारतात, कादंबरी वाचून मुलांच्या डोक्यात चुकीचा इतिहास भरणार नाही का? भरेल, फक्त कादंबरीच वाचली तर. म्हणून मी कादंबरीच्या जोडीला सरदेसायांच्या 'मराठी रियासती'तलं त्या काळाचं प्रकरण वाचायला देते. मुलांना वहीत एवढंच लिहायला सांगते की कुठला प्रसंग दोन्हीकडे सापडला आणि कुठला फक्त कादंबरीत. फक्त कादंबरीत सापडलेल्या प्रसंगाला खोटा म्हणायचं नाही, लेखकाला तो का सुचला असेल ते लिहायचं. ज्यांना हे काम खोलात जाऊन करायचं आहे त्यांनी 'श्रीमान योगी'ला जोडलेलं नरहर कुरुंदकरांचं पत्र वाचावं. कादंबरी लिहू पाहणाऱ्या मित्राला इतिहासाचा अभ्यासक किती प्रेमाने आणि किती कडकपणे प्रश्न विचारतो, ते त्यात दिसतं. मी ते पत्र कादंबरीपेक्षा जास्त वेळा वाचलं असेल.

मला स्वतःला वाचायची आहे ती रंगो बापूजी गुप्त्यांची कादंबरी, आणि तीही इनामदारांसारख्या ताकदीने लिहिलेली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढलं, आणि त्यांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला. चौदा वर्षं तिथे राहिला, भाषणं केली, अर्जांमागून अर्ज छापले, कर्जबाजारी झाला. मधल्या मधे १८४७ मध्ये महाराज काशीला वारले आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. ज्यांच्यासाठी भांडायचं ते गेले, ज्याच्यासाठी भांडायचं ते गेलं, तरी रंगो बापूजी लंडनमध्येच. परत आल्यावर १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली, ती फुटली, ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. लंडनच्या थंडीत अर्ज लिहीत बसलेल्या साताऱ्याच्या या वकिलाची चौदा वर्षं कोणीतरी लिहायला घ्यावीत. लिहीत असाल तर मला कळवा, कागदपत्रं शोधायला मी सुट्टीत तुमच्याबरोबर येईन.