चिकटलेल्या फोटोंमधली गोष्ट

मी जुने कागद आणि फोटो दुरुस्त करते, पुण्यात छोटं वर्कशॉप आहे. मागच्या पावसाळ्यात एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गठ्ठा घेऊन आले, मूळचे कोलकात्याचे पण चाळीस वर्षं इथेच, मराठी अगदी आपल्यासारखं. माळ्यावर पाणी गळून सगळं भिजलेलं. आत ‘गुपी गाइन बाघा बाइन’चं पोस्टर आणि सीनचे अकरा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, थिएटरबाहेर काचेत लावायचे ना तसले. १९६९चा सत्यजित राय यांचा बंगाली पिक्चर, गाणारा गुपी आणि ढोल वाजवणारा बाघा यांची गोष्ट.

पोस्टरचं काम नेहमीचं होतं. शाई सुटते का ते ओल्या कापसाने कोपऱ्यात बघितलं, सेलोटेप काढली, घड्यांवर मागून जपानी टिश्यू नावाचा पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. जीव अडकला फोटोंत. त्यांच्यावर जिलेटिनचा थर असतो, तो ओला झाला की फुगतो आणि दाबाखाली सुकला की शेजारच्या फोटोला धरून बसतो, ओढला तर चित्रच उचकटून येतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये ठेवायचं, वाट बघायची, आपोआप सैल झालं तरच हात लावायचा.

मी म्हटलं आजोबा वेळ लागेल, तुम्ही जा घरी. ते स्टूल ओढून बसले.

पहिला सुटला तो हल्ला नावाच्या राज्यातल्या उपाशी सैनिकांचा, आकाशातून मिठाईच्या हंड्या उतरतात आणि लढाई सोडून सगळे खायला धावतात तो सीन. दुसरा निघाला गाढवावर बसवून गावाबाहेर काढलेल्या गुपीचा, म्हणजे एकदम सुरुवातीचा. फोटो सुटेल तसं आजोबा सांगत होते, त्यामुळे गोष्ट मागेपुढे उड्या मारत मला कळत गेली. भुतांच्या नाचाचा फोटो आला तेव्हा तर ते उभेच राहिले, राजे, शेतकरी, साहेब, जाडे लोक अशी चार प्रकारची भुतं, बोलणं अजिबात नाही, नुसती तालवाद्यं, आणि टेबलावर बोटांनी ताल धरून दाखवला. गोष्ट उपेंद्रकिशोरांची, पिक्चर त्यांच्या नातवाने, म्हणजे राय यांनी केला, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. एका फोटोवर म्हणाले, हा शेवटचा सीन, पूर्ण पिक्चर काळापांढरा आणि इथे येऊन रंगीत होतो गं.

नऊ सुटले. उरलेले दोन समोरासमोर, चित्राला चित्र चिकटलेले, सगळ्यात वाईट प्रकार. कडेला जरा प्रयत्न केला तर जिलेटिनचा पापुद्रा सुटायला लागला, मी थांबले. सोडवायला गेले तर दोन्ही जातील हे त्यांना स्पष्ट सांगितलं, सांगताना खूप वाईट वाटलं.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘राहू दे बेटा तसेच. यात काय आहे मला माहितीये, एवढा एकच सीन बाहेर आला नाही.’’ आणि बांबूच्या वनातला भुतांचा राजा त्यांनी बसल्या जागी उभा केला, बारीक चिरक्या आवाजात, यमकं जुळवत, आधी बंगालीत मग माझ्यासाठी मराठीत. हा राजा गुपी-बाघाला तीन वर देतो: टाळी दिली की हवं ते खायला आणि कपडे, जोडे घातले की हवं तिथे, आणि गाणं ऐकलं की समोरचा जागच्या जागी थिजणार. मी हातातला स्पॅट्युला खाली ठेवून ऐकत होते.

त्या दोघांना सुकवून मी वेगळं पाकीट केलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं, भुतांचा राजा, तीन वर.