दोन फुगे टांगा, बल आणि प्रभार वेगळे दिसतील

'फुग्यावर ऋण बल आलं' असं पोरं उत्तरपत्रिकेत लिहितात. शब्द चुकला म्हणून अर्धा गुण कापून पुढे जाऊ नका, मुळात समजूतच चुकलेली असते. प्रभार, म्हणजे विजेचा चार्ज, एकट्या वस्तूजवळ असतो. बलाला दोघं लागतात.

दोन सारखे फुगे घ्या, प्रत्येकी साधारण २ ग्रॅमचे, आणि वीतभर फुगवा. छपराच्या बल्लीला एकच खिळा ठोकून दोन्ही सुती दोऱ्यांनी टांगा. खिळ्यापासून फुग्याच्या मध्यापर्यंत १ मीटर ठेवा. पंखा बंद करा. गाठीशी धरून दोन्ही फुगे घोंगडीच्या तुकड्याने वीस-पंचवीसदा घासा आणि हळूच सोडा. ते एकमेकांपासून फाकून उभे राहतात.

आता मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ४० सेंटिमीटर भरलं. म्हणजे प्रत्येक फुगा ओळंब्यापासून २० सेंटिमीटर सरकला, म्हणून बाजूचा रेटा वजनाच्या पाचव्या भागाएवढा. २ ग्रॅमचं वजन ०.०२ न्यूटन, तर बल ०.००४ न्यूटन. दोघांचा प्रभार सारखा धरून हे कूलोमच्या नियमात (प्रभार, त्यांच्यातलं अंतर आणि बल यांचा संबंध सांगणारा नियम) घाला, तर प्रत्येकावर अंदाजे ०.२७ मायक्रोकूलोम निघतो. सुमारे १.७ लाख कोटी जादा इलेक्ट्रॉन! एकाच खिळ्यावर दोन राशी, दोन एककं: बल न्यूटनमध्ये, प्रभार कूलोममध्ये.

एक फुगा शेजारच्या खोलीत न्या. उरलेला सरळ लोंबतो. त्याचा प्रभार तेवढाच आहे, रेटा मात्र गेला.

यापेक्षा बोलकी गोष्ट पुढची. एकच फुगा आणखी घासा. प्रभार आता कमी-जास्त झाले, तरी दोघंही ओळंब्यापासून सारखेच सरकतात, कारण बल दोघांवर सारखंच आणि उलट दिशांना असतं. प्रभाराला दिशा नसते. 'ऋण' ही फक्त त्याची जात.

पोळ्याच्या सुमारास हा प्रयोग हमखास फसतो. दमट हवेत फुग्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून पसरून निघून जातो. दिवाळीनंतरची कोरडी हवा किंवा एप्रिलची दुपार धरा. घामट हाताने फुगा चाचपू नका. भिंतीपासूनही लांब टांगा, नाहीतर फुगा भिंतीलाच चिकटतो. भिंत प्रभारित नसते, तिच्यातले प्रभार जरासे सरकतात एवढंच. म्हणून ओढलं गेलं की दोन्ही प्रभारित, असं पोरांना मानू देऊ नका. खात्री द्यायची तर ढकललं जायला हवं.

एवढ्यात कोणी तरी विचारतंच, मग मोबाईल चार्ज होतो म्हणजे काय? ५००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरताना १८,००० कूलोम एका टोकाने आत जातात आणि दुसऱ्या टोकाने तेवढेच बाहेर पडतात. निव्वळ प्रभार शून्यच राहतो, साठते ती रासायनिक ऊर्जा. नुसता एकेक कूलोम खरोखर दोन मोबाईलवर साठला आणि ते मीटरभर अंतरावर ठेवले, तर त्यांच्यातला रेटा ९०० कोटी न्यूटन भरेल.