ठिपक्यांच्या रांगोळीतला प्रोटॉन

तुळशीच्या लग्नाला म्हार्दोळला, माहेरी गेले होते. वृंदावनापुढचं सारवण वाळलं आणि आई ठिपके घालायला बसली. पंधरा ते एक. गुडघे दुखतात तिचे, पण चिमटीतून पडणाऱ्या दोन ठिपक्यांमधलं अंतर अजून तसूभरही हलत नाही. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. "सणाचं काय गो घेऊन बसलीस?" म्हणाली. मी म्हटलं, "आई, तू घालतेस तेच."

मी फोंड्याजवळ बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. अणुकेंद्राचं वस्तुमान आतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या बेरजेपेक्षा थोडं कमी भरतं, हे मुलांना पटतं. प्रोटॉनच्या आत उतरलं की हिशेबच उलटा होतो. प्रोटॉन बनतो क्वार्क नावाच्या तीन कणांचा. दोन अप क्वार्क, प्रत्येकी साधारण 2.2 मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (वस्तुमान हे ऊर्जेचंच रूप, म्हणून एकक ऊर्जेचं). एक डाउन, साधारण 4.7. बेरीज जेमतेम 9. आणि प्रोटॉन भरतो 938! यंदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, मग बाकीचं कुणाचं?"

बाकीचं आहे क्वार्कांच्या धावपळीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेचं. फळ्यावर हे एका ओळीत लिहून होतं. पण त्यातून 938 काढून दाखवायचं तर कागद-पेन्सिल थकते, कारण ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात. 1974 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी वाट काढली: अवकाश आणि काळ, दोन्ही ठिपक्यांत मांडायचे. क्वार्क ठिपक्यांवर, ग्लुऑन ठिपके जोडणाऱ्या रेषांवर. रांगोळीच ती, फक्त चार मितींची. पुढे काही वर्षांत मायकेल क्रॉइट्झ यांनी ती संगणकावर चालवून दाखवली.

मी पडवीत करत होते ते यातलं अगदी बाळबोध रूप. दोनच मिती, क्वार्क नाहीत, 16 बाय 16 ठिपके, 512 रेषा, प्रत्येक रेषेवर एक कोन. चार रेषांचा एक चौकोन, आणि सगळ्या चौकोनांवरून मांडणीची एक किंमत ठरते. संगणक एकेका रेषेचा कोन किंचित हलवून बघतो. बदल स्वस्तात पडला तर ठेवतो, महाग पडला तर फासे टाकून ठरवतो. असं हजारो वेळा. या सोप्या खेळाचं उत्तर कागदावरही काढता येतं. मी निवडलेल्या बलाच्या जोराला चौकोनाची सरासरी (त्याच्या चार कोनांच्या एकत्रित फिरण्याचा कोसाइन) 0.446 यायला हवी. दोन दिवस जुळेना. प्रत्येक रेषा दोन चौकोनांना शिवते आणि मी एकच मोजत होते, हे आईची बोटं बघताना लक्षात आलं. दुरुस्त केलं, 0.446 आलं. माझे डोळे भरून आले.

खरं गणित 2008 मध्ये बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपरटालच्या चमूनं केलं. त्यासाठी जर्मनीत युलिशचा ब्लू जीन महासंगणक राबला. मोजमापातून त्यांनी तीनच आकडे घेतले: पायॉन, केऑन आणि झाय या कणांची वस्तुमानं. बाकी सगळं समीकरणांतून. प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी उत्तर आलं 936, तीन-चार टक्के मागेपुढे. हा आकडा मी मुलांना सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो. त्याआधी बी-सी नावाच्या कणाचं तर अचूक मोजमाप व्हायच्या आतच गणितानं 6304 सांगितलं होतं. अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेत मोजलं ते 6287.

मला सगळ्यात आवडते ती शेवटची पायरी. ठिपके निसर्गात नाहीत, आपण घातलेले आहेत. म्हणून तेच गणित जवळजवळच्या ठिपक्यांवर पुन्हा पुन्हा करतात आणि अंतर शून्य झालं तर उत्तर कुठे जाईल ते बघतात. आईच्या रांगोळीतही रंग भरल्यावर ठिपके दिसेनासे झाले होते.

त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. सोमवारी वर्गात आईच्या डब्यातली रांगोळी नेतेय. 4 बाय 4 ठिपके मी घालीन, रेषा तिनं ओढायच्या.