चार पंख, एकच दिशा

चित्रकार कागदावर खऱ्या शाईने चित्र काढतात, डिजिटल पेन त्यांच्या रेषा टिपून घेतं आणि माझ्याकडे येते ती रेषांची फाइल. ती साफ करायची, लेयर पाडायचे, छपाईला किंवा ॲनिमेशनला तयार करायची, हे माझं काम. एरवी फाइल आणि मूळ चित्र इतकं तंतोतंत जुळतं की कागद पुन्हा पाहायची गरजही पडत नाही. चतुर या कीटकाच्या चित्राचं तसं झालं नाही.

मुलांसाठीच्या एका विज्ञानपटात चतुर दाखवायचा होता. चित्र पडद्यावर आयतं येणार नव्हतं. एकेक शीर उमटत पंख भरत जायचा होता, आणि तोही चित्रकाराचा हात ज्या क्रमाने चालला त्याच क्रमाने. स्कॅन करून हे साधत नाही. रेष कुठून निघाली, कुठे थांबली, कुठली आधी आणि कुठली नंतर, हे स्कॅनमध्ये नसतंच. त्याचं ऑटोट्रेस केलं, म्हणजे संगणकाला आपोआप रेषा काढायला लावल्या, तर बहुतेक वेळा रेषेऐवजी रेषेच्या दोन्ही कडा हाती लागतात. पेनच्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक रेष म्हणजे बिंदूंची माळ असते, आणि प्रत्येक बिंदूसोबत त्याची जागा, टोकावरचा दाब आणि वेळ नोंदलेली असते. सेकंदाला शंभराहून जास्त बिंदू. ॲनिमेशनवाल्यांना हवी होती ती ही वेळ.

चित्र काढलं आमच्या ताईंनी. त्या आयुष्यभर कागदावर काम करत आल्या आहेत. पडद्याच्या काचेवर हात घसरतो, कागद हाताला धरून ठेवतो, असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या रेषा पाहिल्यावर ते पटतं. त्यांना आम्ही कागदाखाली ठेवायची पाटी दिली होती. या पाटीत तारांची जाळी असते. ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनमधलं वेटोळं त्यातूनच ऊर्जा घेतं आणि उलट संकेत देतं. कुठल्या तारेवर तो संकेत किती जोरात आला यावरून पाटी टोकाची जागा काढते. पेनला बॅटरी लागत नाही, मधल्या कागदाची अडचण होत नाही. कागद मात्र चिमट्याने पाटीला घट्ट लावलेला असावा लागतो, कारण पाटीला दिसतं ते फक्त पेन. कागद कुठे आहे याचा तिला पत्ताच नसतो.

फाइल उघडली आणि मी पाहतच राहिले. डोकं, धड, शेपटीचे खंड सगळे जागच्या जागी, पण धडाला एकही पंख नाही. चारही पंख एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेले. सगळ्यांची मुळं खाली डावीकडे, टोकं वर उजवीकडे, शिरांचं नुसतं दाट रान. ताईंनी दिलेल्या कागदावर मात्र चार पंख चार दिशांना लखलखीत पसरलेले होते.

पहिल्यांदा वाटलं फाइल बिघडली आहे. मग ती वेळेनुसार चालवून पाहिली आणि उलगडा झाला. ताईंनी पंख काढताना चिमटा काढला होता आणि प्रत्येक पंखासाठी कागद फिरवून घेतला होता. लांब वाकाची रेष एका दमात ओढायची तर मनगटाला एकच दिशा सोयीची पडते. उजव्या हाताने काढणाऱ्याला ती साधारण डावीकडून खालून उजवीकडे वर अशी. हात बदलत नाही, कागद फिरतो. हाताने काढणारे कितीतरी चित्रकार असंच करतात. पाटीच्या दृष्टीने मात्र कागद जागचा हललाच नव्हता, त्यामुळे तिने नोंदलं ते ताईंचं मनगट. नीट पाहिलं तर दोन पंखांची पुढची कड वर होती आणि उरलेल्या दोन पंखांची खाली. कुठला पंख डावा आणि कुठला उजवा, एवढीच खूण शिल्लक राहिली होती. चारही मुख्य शिरांचा वाक जवळजवळ एकच होता. इतक्या वर्षांचा सराव म्हणजे काय असतो ते मी त्या गोंधळात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

फाइल संध्याकाळपर्यंत द्यायची होती. ताईंना पुन्हा काढायला सांगावं असं एकजण म्हणाला. मला ते मुळीच मान्य नव्हतं. दुसऱ्यांदा काढलेलं चित्र दुसरं चित्र असतं. शिवाय फाइलमध्ये काहीही हरवलं नव्हतं. कागद ए५ होता आणि पाटी ए४ मापाची, त्यामुळे फिरवल्यावरही रेषा पाटीच्या कडेबाहेर गेल्या नव्हत्या. प्रत्येक रेष होती. प्रश्न एवढाच होता की कागद कधी फिरला आणि किती.

‘कधी’ हे वेळेवरून काढता येईल असं वाटलं. पेन उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत जिथे मोठा खंड, तिथे कागद फिरला असणार. पण तसे खंड पुष्कळ निघाले. माणूस विचार करायलाही थांबतो. शेवटी ताईंनाच शेजारी बसवलं आणि रेषा पुन्हा चालवल्या. आपला हात असा बाहेरून चालताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. पहिली काही मिनिटं त्या काही बोलल्याच नाहीत. मग एकेक ठिकाणी बोट ठेवू लागल्या. “थांब, इथे फिरवला. इथे नाही गं, इथे मी नमुना बघत होते. इथे परत फिरवला, थोडासाच.” कुठलीही दोन ठिकाणं त्यांना सारखी वाटली नाहीत. मी विचारलं, “ताई, हे एवढं लक्षात कसं राहतं?” त्या म्हणाल्या, “लक्षात कुठे आहे? ही रेष अशा बाजूने मी काढणारच नाही, म्हणजे कागद फिरलेला असणार.”

अशा रीतीने रेषांचे गट पडले. आता ‘किती’. मूळ चित्र स्कॅन करून खालच्या लेयरवर ठेवलं. कागद ताणला किंवा आक्रसला नव्हता, फक्त फिरला आणि सरकला होता. अशा वेळी एका गटातले दोनच बिंदू स्कॅनवरच्या खऱ्या जागेशी जुळवले तरी पूर्ण गटाचं फिरणं आणि सरकणं ठरतं. तिसरा बिंदू पडताळ्यासाठी. इथे चतुराच्या पंखाचीच मदत झाली. पंखाच्या पुढच्या कडेला मध्यावर एक खाच असते आणि टोकाजवळ एक गडद, जाड चौकट असते. दोन्ही खुणा नेमक्या आणि एकमेकींपासून लांब. खुणा जितक्या दूर तितका कोन अचूक येतो. पहिला पंख फिरून धडाला येऊन बसला तेव्हा मागे उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या पंखांतली एक शीर मात्र बसेना. ताई ती ओढत असताना कागदही हळूच सरकत होता, म्हणजे एकाच रेषेच्या आत जागा बदलत गेली होती. अशा रेषेला एक कोन लावून भागत नाही. ती तेवढी स्कॅनवरून हाताने गिरवली आणि वेळ मूळ रेषेची ठेवली.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती. या पेनमध्ये बॉलपेनसारखी रिफिल असते. कागदावर जाडी जवळपास सारखीच उमटते, दाब कमीजास्त झाला तरी. फाइलमध्ये दाब नोंदलेला होता. तो जाडीला जोडून पाहिला तर मुळाशी ठसठशीत असलेली शीर टोकाकडे बारीक बारीक होत गेली. खऱ्या पंखात मुख्य शिरा तशाच असतात. ताईंचा हात तसाच चालला होता आणि कागदावर ते दिसत नव्हतं. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील, कारण हे कागदावरचं चित्र नव्हे. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हेच ठेवा. मी हेच काढत होते.”

फाइल वेळेत गेली. त्यानंतर आम्ही ताईंसाठी दुसऱ्या जातीचं पेन आणून पाहिलं. त्याला पाटी लागत नाही, कागदावरच फिक्या ठिपक्यांची नक्षी छापलेली असते. ही पद्धत स्वीडनच्या आनोटो कंपनीने रूढ केली. ठिपके सुमारे ०.३ मिलिमीटर अंतरावर असतात आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागेवरून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जरासा सरकवलेला असतो. टोकाजवळचा इन्फ्रारेड कॅमेरा ६×६ ठिपके पाहतो आणि त्या रचनेवरून आपण कागदावर नेमके कुठे आहोत ते ओळखतो. म्हणजे जागेचा पत्ता कागदावरच असतो. कागद हवा तसा फिरवा, रेषा जागच्या हलत नाहीत. ताईंच्या सवयीला हे अगदी योग्य, असं मी धरून चालले होते.

पण ताई आधी पेन्सिलीने कच्चं काढतात. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच. तो इन्फ्रारेड प्रकाश शोषतो आणि कॅमेऱ्याला ठिपके दिसेनासे होतात. म्हणूनच या पेनची शाईसुद्धा कार्बन नसलेली असते. निळ्या रंगीत पेन्सिलीने कच्चं काढा असं सुचवलं. त्यांनी काढून पाहिलं, त्यांना ती मेणचट वाटली. मला त्यांच्या हातातली पेन्सिल बदलायची नव्हती.

मग आमच्या इथल्या प्रोग्रॅमरने वेगळा मार्ग काढला. कागद पाटीवरच, चिमट्याशिवाय. कागदाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन फुल्या. कागद फिरवला की ताईंनी आधी या फुलीवर, मग त्या फुलीवर पेन टेकवायचं आणि पुढे काढायला लागायचं. त्याचा छोटा प्रोग्रॅम फाइलमध्ये अशा टेकवण्याच्या जोड्या शोधतो आणि पुढच्या सगळ्या रेषा तेवढ्या फिरवून देतो. ताईंना सुरुवातीला ते विसरायला व्हायचं. आता त्या फिरवतात, टेकवतात, टेकवतात आणि काढतात. मधे कधी कागद नुसताच सरकला असं वाटलं तरी टेकवून घेतात. सध्या टोळाचं काम चालू आहे, त्याच्या मागच्या पंखांना खूप घड्या आहेत.