नऊ नंबरचा कागद

"नऊ नंबर द्या. घोट्याच्या वर येणारे. बास्केटबॉलचे." आजोबांनी पिशवीतून कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढून काउंटरवर पसरलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने पाऊल काढलेलं होतं. नातू नववीत, शाळेच्या संघात निवडलेला. आजोबा फलटणकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दुपारची गाडी धरायची होती.

लक्ष्मी रोडवरच्या या दुकानात मी अकरा वर्षं बूट विकतोय. सुतळीला गाठ मारून माप आणणारे पाहिलेत, जुना फाटका जोड आणणारेही पाहिलेत. त्यामुळे कागदाचं नवल नव्हतं. पट्टी लावली, सत्तावीस पूर्णांक चार सेंटीमीटर. मग आमची नेहमीची युक्ती: आठ नंबरच्या बुटातला सुकतळा काढून चित्रावर ठेवला. बोटांपुढे जेमतेम अर्धा सेंटीमीटर उरला. म्हणजे नऊच. खोका काढायला मी वळलोसुद्धा.

पण ती टाच डोळ्यांत खुपली. पोरसवदा पायाला एवढी फताडी टाच? विचारलं तर कळलं, रात्री पोरगं खाटेवर बसलं होतं आणि आजीने पेन्सिल फिरवली. पेन्सिल तिरकी धरली की रेघ पुढेही बाहेर जाते, मागेही. वर चित्र एकाच पायाचं. मी म्हटलं, "आजोबा, घरी व्हिडिओ कॉल लावा."

मुलाला भिंतीला टाच टेकवून, पायांवर सारखं वजन देऊन उभं केलं. अंगठ्यापुढे कंपासपेटी उभी धरायला लावली आणि तिथे खूण. उजवा पंचवीस पूर्णांक सहा, डावा सव्वीस पूर्णांक एक. चित्र होतं उजव्याचं! माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं. खोक्यावर यूके, यूएस, युरो असे आकडे असतात, त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात सेंटीमीटर छापलेले असतात. मी आधी तेच बघतो, कारण एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या आठाला जुळेलच असं नाही. आम्ही काढलेल्या मॉडेलवर साडेसातला साडेसव्वीस लिहिलं होतं. त्यात डाव्या अंगठ्यापुढे नखाएवढी जागा राहिली असती.

"साडेसात?" आजोबा उखडले. "वाढत्या अंगाचं पोर आहे. दिवाळीला परत पुण्याला येऊ का?"

त्यांचं चूक नव्हतं, बूट स्वस्त नाहीत. पण यूके मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. साडेसात आणि नऊ यांत अर्धा इंच येतो. साध्या बुटात तो एकवेळ खपतो. उंच गळ्याच्या बुटात घोट्याची जागा ठरलेली असते, आणि बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं. बूट मोठा झाला की गळ्याची कड नेमकी त्या हाडावर घासते आणि आत टाच उचलते. लोकांना वाटतं, उंच बूट आहे म्हणजे घोटा सांभाळेलच. आत पायच हलत असेल तर काय सांभाळणार? मुलाला विचारलं, आत्ताचे कितीचे? "आठ, दादा. दोन मोजे घालतो." गेल्या महिन्यात पाय मुरगळला होता हेही तेव्हाच आजोबांना कळलं.

तरी एक कोडं राहिलं. नऊ हा आकडा आला कुठून? मी आजोबांच्या पायांकडे पाहिलं. पुढे सुरकुतलेले काळे बूट, बोटांपाशी रिकामे. "मला नऊच लागतो," ते म्हणाले. "आठ चावतो." बसवून मोजलं तर लांबी आठचीच, चवडा मात्र चांगलाच रुंद. नोकरीभर रुंदीसाठी ते लांबी विकत घेत आले होते, आणि नातवालाही तोच हिशेब लावला होता. असे गिऱ्हाईक मला रोज भेटतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, त्यातही आपले पाय युरोप-अमेरिकेच्या मानाने रुंदच निघाले. आणि आपण अजून यूकेचेच नंबर मागतो.

नातवाचाही चवडा आजोबांवर गेलेला, म्हणून पुढे पसरट असलेलं मॉडेल निवडलं. साडेसात नंबर, एक जाड मोजा. बिलावर लिहून दिलं: घरातच घालून बघा, मातीत नको, आठ दिवसांत बदलून देईन.

रात्री साडेआठला फोन. "दादा, पायच जात नाही!" आजोबा मागून, "म्हटलं नव्हतं?"

पोटात गोळा आला. कॅमेरा खाली घ्यायला सांगितला. पठ्ठ्या लेस वरून जरा सैल करून पाय कोंबत होता. खालच्या भोकांपर्यंत सगळी ढिली कर, जीभ पुढे ओढ, पाय घाल, टाच जमिनीवर दोनदा आपट, मग खालून वर आवळत ये. आता गुडघा पुढे वाकव. मागे शिरेला टोचतंय? नाही. चाल, टाच उचलते? "किंचित." सगळ्यात वरच्या भोकातून लेस घे. आता?

तो खोलीभर चालला, मग उड्या मारायला लागला. आजी ओरडली, खालचे लोक झोपलेत म्हणून. फोन आजोबांकडे गेला. ते जरा वेळ गप्प होते.

"मला आठात तसलं रुंद काही असेल का?"